छोटं कॉलेज, एकच खिडकी: सोलापुरात पहिलं वर्ष कसं काढायचं

जून-जुलै आला की मला गावाकडून फोन सुरू होतात, दादा तू होतास ना सोलापुरात, आमच्या बारक्याला तिथलं एक कॉलेज मिळालंय, लहानच आहे म्हणतेत, कसं करायचं. दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी बार्शी तालुक्यातला, तीन वर्षं सोलापुरात बीएस्सी केलो (हो, 'केलो'च, सोलापुरात राहिलं की 'मी केलं'चं 'मी केलो' होतंच, पुण्यात त्यावरून भरपूर हसं करून घेतलंय).

छोट्या कॉलेजात पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची म्हणजे इथं प्रत्येक कामाला एकच माणूस असतो. स्कॉलरशिप बघणारे एक सर, परीक्षेचे फॉर्म घेणारे एक, लायब्ररीत एक मॅडम, लॅबला एक मामा. तो माणूस रजेवर गेला की ते खातंच रजेवर. आमच्या दुसऱ्या सेमला परीक्षा फॉर्मची तारीख संपायला दोन दिवस होते आणि फॉर्म घेणारे सर घरच्या लग्नाला गेले, कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात, आम्ही नऊजण लेट फी भरून मोकळे. तेव्हापासून माझा नियम ठरला, कुठलंही काम शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कॅन्टीन शोधत बसू नका, ती सापडतेच. हे चार-पाच लोक शोधा, त्यांना नाव सांगून ओळख करून घ्या, ते टेबलावर कधी असतात आणि जेवायला कधी उठतात ते बघून ठेवा. आणि मामांना मामाच म्हणा, 'ओ शिपाई' म्हणून हाक मारलेला आमच्या वर्गातला एकजण तीन वर्षं प्रत्येक बोनाफाईडला चार चकरा मारायचा.

कागदपत्रांचं थोडं नीट ऐका. दहावीचं मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक या तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते गावातच बघून या, कारण सोलापुरात आल्यावर आधार दुरुस्तीच्या रांगेत लेक्चर बुडवून उभं राहणं लई जिवावर येतं. महाडीबीटीला, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटला, फॉर्म भरताना सगळ्यात जास्त पोरं फसतात ती बँकेत. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यावर यायला आधार सीडिंग असणं वेगळं, बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असं स्पष्ट म्हणायचं, नुसतं 'लिंक आहे का' विचारलं तर ते आहे म्हणतात आणि पैसे तिसऱ्याच कुठल्यातरी जुन्या खात्यावर जातात, नाहीतर जातच नाहीत. फॉर्म भरला म्हणजे काम झालं असंही नाही, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढं सरकला का ते दर आठ दिवसांनी बघायचं, परत पाठवला असेल तर दुरुस्त करून पुन्हा टाकायचा. आणि दरवर्षी रिन्यू करायचा, हे विसरून एका मित्राचं पूर्ण वर्ष कोरडं गेलं. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर वगैरे तहसीलची कामं उन्हाळ्यातच उरकून घ्या.

विद्यापीठाचं नाव फॉर्मवर पूर्ण लिहा, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २००४ ला ते झालं, तेही एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी, त्याआधी आपल्याकडची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून घरातल्या काका-मामांच्या मार्कशीटवर शिवाजी विद्यापीठ दिसतं, गोंधळू नका. आणि विद्यापीठ गावात नाही बरं का, पुणे रोडला केगावला आहे. तिकडं काम निघालं तर आधी कॉलेजातून पत्र, सही, शिक्का सगळं घेऊन जायचं, एका शिक्क्यासाठी मी एकाच दिवशी दोनदा गेलोय, एप्रिलच्या उन्हात.

आता वर्ग. एफवायला शंभर पोरं असतील तरी टीवायला येईपर्यंत एका विषयाला पंधरा-वीसच उरतात. आम्ही चौदा होतो. म्हणजे प्रॉक्सी वगैरे विसरा, तुम्ही टपरीवर असाल तर सरांना कुठली टपरी तेपण माहीत असतं. पण याचाच फायदाही घ्यायचा. मोठ्या कॉलेजात एका मायक्रोस्कोपवर सहाजण वाकलेले असतात, इथं तुम्ही मामांना विचारून प्रॅक्टिकल परत एकदा करू शकता. जर्नलवर सही त्याच आठवड्यात घ्या, सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्खं जर्नल घेऊन सरांपुढं उभं राहिलं की ते चष्म्यावरून जे बघतात ना ते बघणं नको वाटतं. एनएसएस घ्या असं मी तरी सांगेन, दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं शिबिर, खड्डे खणायला लागतात खरं, पण माझे कॉलेजातले सगळे दोस्त त्या शिबिरातलेच.

रूम शोधताना मालकाला भाडं विचारायच्या आधी पाणी विचारा. सोलापूरला पाणी उजनीवरून येतं, आणि आमच्या वेळी तरी नळ चार-पाच दिवसांआड यायचा, तोही कधी रात्री दोनला. टाकी केवढी, बोअर आहे का, एका टाकीवर किती कॉट आहेत, हे तीन प्रश्न. कॉट बेसिस स्वस्त पडतं पण वरचा मजला आणि पत्र्याची खोली घेऊ नका, परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते आणि तेव्हा पारा चाळीसच्या वर असतो, आम्ही सोलापुरी टॉवेल ओला करून अंगावर घेऊन झोपायचो, चादर नुसती उशाला. मोहोळ, अक्कलकोटसारख्या जवळच्या गावाचे असाल तर अपडाऊन परवडतं, एसटीच्या विद्यार्थी पासला तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशच पैसे पडतात, फॉर्मवर कॉलेजची सही-शिक्का घेऊन स्टँडवर काढायचा. फक्त प्रॅक्टिकल पाचला सुटलं तर त्यानंतर तुमच्या गावाला गाडी आहे का, हे ॲडमिशनआधीच बघा.

मेसला खाडे आधी सांगायचे, न सांगता गावाला गेलात तर पैसे कापून मिळत नाहीत, यावरून भांडून काही उपयोग होत नाही. खोलीवर कडक भाकरी आणि शेंगा चटणी ठेवाच, दोन्ही कितीतरी दिवस टिकतात, दही आणलं की जेवण झालं. महिनाअखेरीला मी यावर आठ-आठ दिवस काढलेत आणि खरं सांगू का, मेसपेक्षा बरं लागायचं. खिशात पैसे असले की डिस्को भजी, पार्क चौकातली चौपाटी वगैरे तुम्हाला कोणीतरी दाखवेलच.

भाषेला घाबरू नका. शहराच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड, कोणी दखनी, आणि वर्गात सगळे मराठीच पण प्रत्येकाची वेगळी. कोणी 'का बे' म्हणलं तर राग धरू नका, ते प्रेमानंच असतं. सरांना मात्र म्हणू नका, एकानं चुकून म्हणलेलं, वर्ग दहा मिनिटं हसत होता, सरपण.

संक्रांतीच्या आसपास गड्डा असतो, सिद्धरामेश्वरांची यात्रा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर अक्षता, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा सोहळा. त्या दिवसांत वर्ग ओसच असतो म्हणून ऑफिसची कामं त्यात धरू नका, एखादा दिवस अक्षतेला जा, गर्दीत मोबाईल सांभाळा. बाकी मुलाखतीसाठी पुण्याला जायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेस बरी, सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते, लॉजचा खर्च वाचतो.

आणि पहिल्या दिवशी फी भरल्याची जी पावती मिळते ना, ती जपून ठेवा, फोटोपण काढा. तिसऱ्या वर्षी दाखला काढताना नो ड्यूजचा कागद घेऊन लायब्ररी, लॅब, जिमखाना, ऑफिस अशा सगळ्यांच्या सह्या घेत फिरावं लागतं, म्हणजे परत तेच चार-पाच लोक, आणि अनामत परत मागितली की पहिलं वाक्य येतं, 'एफवायची पावती दाखव'. माझी गावाकडं आईच्या ट्रंकेत होती, एसटीनं डब्यातून मागवली, वर चार धपाटीपण आली, त्यातली दोन मी ऑफिसच्या सरांना दिली आणि चेक त्याच दिवशी मिळाला.