दाणे गोळा करणारी मुंगी कुठली हे ओळखायचं कसं (माण-आटपाडीकडच्या बांधावर बसून)

पहिलं सांगतो, मुंगी बघायच्या आधी बिळाचं तोंड बघा. दाणे साठवणाऱ्या मुंगीच्या बिळाभोवती फोलपटांचं कडं पडलेलं असतं, दाणा आत नि साल बाहेर. शाळू निघाला की आमच्याकडं माळाच्या कडंला कुसळीची नि ज्वारीची टरफलं अशी गोल पडलेली दिसतात, लांबनं वाटतं कुणी पोरांनी बारकं खळं मांडलंय. पावसानंतर ऊन पडलं की ओले दाणे बाहेर वाळत घातलेले पण दिसतील, तवा हलू नका, बसून बघा.

मग एक मुंगी डबीत घ्या आणि पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सुस्त होते (घरात आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं, लई बोलणी खाल्ली). पांढऱ्या कागदावर सोडून मोबाईलच्या मॅक्रो लेन्समधनं कंबर बघा. दोन गाठी दिसल्या तर बहुतेक मिर्मिसिनी उपकुळ (मुंग्यांचा एक मोठा गट), आपल्या कामाची. मुंगळ्याला एकच गाठ असते, तो बाद.

आता खरी गंमत. डोकं खरबरीत, बारीक रेघारेघांचं, अंग तांबूस, मागचा भाग काळपट, आणि एकाच रांगेत लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या मुंग्या असतील तर बहुतेक ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स. जुन्या यादीत ही मोनोमोरियम ह्या दुसऱ्या वंशाच्या नावाखाली सापडंल, 2015 च्या सुमारास डीएनएवरनं परत वेगळी काढली, त्यामुळं दोन नावं बघून गोंधळू नका. मोजक्याच मुंग्यांचं डोकं अवाढव्य आणि बाकी सगळ्या बारक्या, मधलं माप नाहीच, असं असेल तर फेइडोले. पाठीवर ढालीसारखा पत्रा, अंगभर केस, चाल संथ नि हात लावला की मेल्यासारखी पडते, ती मेरानोप्लस बायकलर.

माझी चूक सांगतो, व्हिडिओ बघून मी दिसेल तिला मेसॉर (दाणे साठवणाऱ्या मुंग्यांचाच दुसरा वंश) म्हणायचो. मेसॉरचा मुख्य मुलूख म्हणजे भूमध्य समुद्राचा काठ, उत्तर आफ्रिका, मध्य आशिया, आणि भारतात ती उत्तरेला, वायव्येला. पोगोनोमिर्मेक्स ही दाणे साठवणारी आणखी एक, ती तर फक्त अमेरिकेत, हनुवटीखाली दाढीसारखे केस असतात नि त्यात माती धरून वाहते. ह्या सगळ्या सख्ख्या बहिणी नाहीत बरं का, दाणे साठवायची सवय वेगवेगळ्या घराण्यांना आपापली लागलीय.

जागा निवडताना महाबळेश्वर-जावळीकडं नका जाऊ, तिथं पाऊस नि झाडी लई. माण, खटाव, आटपाडी, जत, असलं कोरडं गवताळ रान धरा. सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, भर दुपारी जाऊन फक्त डोकं तापतं. आणि बघून झालं की मुंगी त्याच बिळापाशी सोडा, दुसऱ्या बिळापाशी सोडली तर तिथल्या मुंग्या तिच्यावर तुटून पडतात.