शास्त्रज्ञाचं व्याख्यान तालुक्याच्या वाचनालयात: तयारी कशी करायची, कुठे फसतं

आपल्या जिल्ह्यात कोण कोण शास्त्रज्ञ आहेत, याची यादी करण्यापासून सुरुवात करू नका. त्या वाटेने गेलं की सगळ्यात मोठ्या पदावरचा माणूस बोलवला जातो आणि तो ‘विज्ञान आणि समाज’ यावर बोलून जातो. आपल्याकडचे लोक आधीपासून कशाबद्दल विचारतात ते धरा. देवगड-रत्नागिरीकडे हापूसमधला साका (गराचा पांढुरका, आंबट, स्पंजासारखा झालेला भाग), सांगोल्याकडे डाळिंबावरचा तेल्या हा डागांचा रोग, नारायणगावच्या बाजूला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या. मग त्या प्रश्नावर प्रत्यक्ष काम केलेला माणूस शोधा. तो बहुधा विभागप्रमुख नसतो. नुकतीच पीएचडी झालेला संशोधक किंवा संशोधन केंद्रावरचा सहायक प्राध्यापक असतो, आणि त्याला वेळही असतो.

शोधायचं कुठे? विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, कृषी विद्यापीठांचे ‘कृषिकोश’वर. दोन्ही फुकट आहेत. प्रबंध पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. आधी शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण, मग प्रयोग किती झाडांवर, किती हंगाम आणि कुठे झाला तो भाग. एवढं वाचून फोन केलात तर पुढचं सगळं बोलणं बदलतं.

पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. काम प्रसिद्ध झालं आहे का? पेटंटचा अर्ज करायचा बाकी आहे का? अर्जाआधी जाहीर सभेत माहिती उघड झाली तर त्यातलं नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं, आणि ते नुकसान तुमच्या कार्यक्रमाने झालेलं असेल. तिसरं म्हणजे, बोलायला संस्थेची परवानगी लागते का? सरकारी संस्थांमध्ये पुष्कळदा लागते, म्हणून वाचनालयाच्या लेटरहेडवर संचालकांच्या नावे पत्र महिनाभर आधी द्या.

तारीख ठरवताना 28 फेब्रुवारीचा आठवडा टाळा. राष्ट्रीय विज्ञान दिनामुळे त्या दिवसांत सगळ्यांना सगळीकडून बोलावणी असतात. आंब्याचा विषय एप्रिल-मेमध्ये ठेवलात तर बागायतदार येणारच नाहीत, ते काढणीत गुंतलेले असतात. जानेवारी बरा: सांगितलेलं त्याच हंगामात करून बघता येतं.

खरं काम व्याख्यानाच्या आठ-दहा दिवस आधीच्या एका तासात होतं. संशोधकाबरोबर बसून (फोनवर चालेल) प्रत्येक आकडा उलगडून घ्या. समजा त्याच्या स्लाइडवर आहे, ‘आच्छादनामुळे (म्हणजे झाडाखाली गवत पसरल्यामुळे) साक्याचं प्रमाण 50 टक्क्यांनी घटलं’. ऐकणाऱ्याला वाटतं, निम्मी बाग वाचली. विचारा: शंभर फळं कापली तेव्हा आधी किती निघाली, नंतर किती? उत्तर ‘12 होती, 6 झाली’ असेल तर स्लाइडवर तेच लिहायला सांगा. मग गवत आणि मजुरीचा खर्च सहा फळांसमोर मांडून परवडतं का ते बागायतदार स्वतःच ठरवतो. किती झाडं, कोणती जमीन, किती वर्षं हेही त्याच स्लाइडवर हवं. कातळावरच्या बागेतला निष्कर्ष खाडीकाठच्या बागेला तसाच लागू होईल असं नाही, आणि हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणारच.

मतभेद कसे मांडायचे तेही याच बैठकीत ठरवा. साक्याबद्दल एक स्पष्टीकरण जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेचं आहे, दुसरं फळ झाडावर असतानाच कोयीतल्या बीजात रुजण्याची प्रक्रिया सुरू होण्याचं. नुसतं ‘शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही’ म्हटलं की लोक घरी जाऊन सांगतात, त्यांनाही काही माहीत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी ज्याबद्दल वाद नाही ते: साका वरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे (सोळा आण्यांपैकी, म्हणजे साधारण 85 टक्के) तयार झाल्यावर काढलं तर तो कमी आढळतो. कारणांचा वाद त्यानंतर.

वनस्पती-प्राण्यांवरचं काम असेल तर एक सावधगिरी. दुर्मीळ कंदीलपुष्प नेमकं कुठल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सापडलं ते नकाशावर दाखवू नका. फोटोतली जागेची माहितीही काढून टाका. कंद उपटून नेणारेही व्याख्यानाला येतात.

स्लाइड पंधरा, फार तर अठरा. जर्नलमधला आलेख जसाच्या तसा डकवू नका: त्याचा हक्क पुष्कळदा प्रकाशकाकडे असतो, आणि त्यातली बारीक इंग्रजी अक्षरं तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत. दोन-तीन पट्ट्यांचा साधा आलेख नव्याने काढा. देवनागरी अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको, जोडाक्षरं आणि रफार आधी मिटतात. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली स्लाइड वाचनालयाच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, आणि हे कळतं ते नेमकं कार्यक्रम सुरू होताना. पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या. एचडीएमआय-व्हीजीए कनेक्टर स्वतःचा न्या. 3000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर असला तरी पडदे नसलेल्या हॉलमध्ये सूर्यास्ताआधी पडद्यावर काही दिसत नाही, त्यामुळे साडेसहानंतर सुरू करा. लाइट गेली तर? चार मुख्य आकडे कार्डशीटवर स्केचपेनने लिहून ठेवा.

आता सत्कार. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचे दोन शब्द: यात पाऊण तास जातो आणि वक्त्याच्या वाट्याला थकलेले श्रोते येतात. परिचय दोन मिनिटांत संपवा, सत्कार शेवटी ठेवा. अध्यक्ष रुसतील, तर त्यांना प्रश्नोत्तरांची सूत्रं द्या. बोलणं 35-40 मिनिटं, प्रश्न निदान अर्धा तास.

प्रश्नांसाठी माइक फिरवलात तर दोन वक्ते तयार होतात आणि बायका-मुलं गप्प राहतात. दारातच प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. व्याख्यान चालू असताना एकाने चिठ्ठ्या गोळा करून सारखे प्रश्न एकत्र लावावेत. सल्ला मागणारे प्रश्न (‘माझ्या झाडाला कुठलं औषध मारू?’) वेगळे काढा. झाड न बघता सभेत औषध आणि मात्रा सांगायला वक्त्यावर दबाव येतो, आणि दुसऱ्या दिवशी ती मात्रा व्हॉट्सॲपवर त्याच्या नावाने फिरते. अशा चिठ्ठ्यांवर फोन नंबर घेऊन त्या संशोधन केंद्राकडे द्या.

बातमी तुम्हीच लिहून द्या, 200 शब्दांत. मथळाही तुमचाच असू दे, नाहीतर ‘साक्यावर रामबाण उपाय सापडला’ असं छापून येतं आणि संशोधकाला ऑफिसात उत्तरं द्यावी लागतात. पाठवण्याआधी त्याला दाखवा, पण दाखवायचं ते आकडे आणि दावे तपासायला. भाषा त्याच्या हाती दिलीत तर ‘सदर प्रयोगाअंती असे निदर्शनास आले’ वगैरे परत येतं. व्हिडिओ टाकायचा असेल तर वक्त्याची परवानगी लेखी घ्या. दीड तासाचं सबंध रेकॉर्डिंग फारसं कोणी बघत नाही. एकेका प्रश्नाच्या उत्तराचे तीन-चार मिनिटांचे तुकडे बघतात आणि पुढे पाठवतात.

उरलेल्या चिठ्ठ्या आठवड्याच्या आत संशोधकाकडे पाठवा आणि उत्तरं वाचनालयाच्या फळ्यावर लावा. जे प्रश्न त्यालाही सुटत नाहीत ते वेगळ्या कागदावर काढून त्याच्याकडेच ठेवायला द्या. पुढच्या प्रयोगाचा प्रस्ताव लिहिताना तो ते उघडून बघतो.