हरणाऱ्या टीमचा सीझन कसा बघावा

2024 मध्ये मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठात एम.एस. करत होते. त्या सीझनला आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमने बारा मॅच खेळल्या आणि एकच जिंकली. रूममेट विचारायची, "मार खाताना बघायला कशाला जातेस गं?" मी एकही मॅच चुकवली नाही. नव्याने येणाऱ्या मुलांसाठी माझी पद्धत सांगते.

एक रेघांची वही घ्या. आधी कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या गटातल्या मॅच वेगळ्या काढा; आमचा गट बिग टेन. रेकॉर्ड 1-11, 0-9 असा दिसतो. त्यातली पहिली जोडी सगळ्या मॅचची (एक विजय, अकरा पराभव), दुसरी फक्त बिग टेनची. आमचा एकमेव विजय इंडियाना स्टेटवर, 49-0, तोही कॉन्फरन्सबाहेरचा. पुढच्याच मॅचला नोटर डेम विद्यापीठाने 66-7 ने धुव्वा उडवला. पहिल्या विजयावर हुरळून जाऊ नका, हे मला तिथेच कळलं.

स्कोअरपेक्षा तिसरा डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न लिहा. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं. तिसऱ्या प्रयत्नाला किती यार्ड उरले, एवढंच टिपायचं. दोन-तीन उरत असतील तर टीम लढतेय. सारखे आठ-नऊ उरत असतील तर दुखणं पहिल्या प्रयत्नातच आहे. मग पास येणार हे समोरच्यांना आधीच कळतं आणि ते थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर तुटून पडतात. ओरेगनने आम्हाला 35-0 हरवलं त्या शुक्रवारी रात्री माझा हा रकाना वाचवत नव्हता.

मॅच अर्धी सोडून उठू नका. 12 ऑक्टोबरला इलिनॉयविरुद्ध आम्ही 27-3 ने मागे होतो. सोफ्यावरच्या दोघी जेवायला निघून गेल्या. तिथून पोरांनी 43-43 पर्यंत आणलं. ओव्हरटाइममध्ये इलिनॉयने टचडाऊन (सहा गुण) आणि त्यानंतरची किक (एक गुण) मिळून 50 केले. आम्हीही टचडाऊन केला: 49. किक मारली असती तर बरोबरी होती. किकऐवजी आणखी एका चालीत दोन गुण घेऊन जिंकायला आम्ही गेलो आणि ते मिळाले नाहीत. मी पेन हातात धरून बसून राहिले. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. सतत हरणाऱ्या टीमने जिंकायला जायचं नाही तर काय करायचं?

शेवटची मॅच इंडियाना विद्यापीठाशी, ओल्ड ओकन बकेट या चषकासाठी. हा चषक 1925 पासून आहे. जिंकणाऱ्याचं अक्षर त्याच्या साखळीत जोडलं जातं. आम्ही 66-0 हरलो, साखळीत इंडियानाचा 'आय' गेला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक रायन वॉल्टर्स यांना काढलं.

पुढच्या सीझनला नवी वही घेऊ नका. त्याच वहीचं पुढचं पान उघडा, म्हणजे तिसऱ्या डाऊनचा जुना रकाना शेजारीच राहतो आणि नव्या प्रशिक्षकाने काय बदललं ते पहिल्याच मॅचला ताडून बघता येतं.