घर इंदूरला, बेस मुंबईला: सुट्टीची बिड कशी लावावी

तुम्ही विमानाच्या क्रूमध्ये आहात, बेस म्हणजे ड्यूटी सुरू होण्याचं ठिकाण मुंबई आणि गणपतीत इंदूर गाठायचं असेल, तर बिडमध्ये, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ड्यूट्यांसाठी पसंती कळवताना, नुसत्या तारखा मागून भागत नाही. आदली ड्यूटी रात्री अकराला संपली की इंदूरची शेवटची फ्लाइट हुकते आणि सुट्टीचा पहिला दिवस प्रवासात जातो. म्हणून तीन मागण्या एकत्र लावा: त्या तारखांना सुट्टी, आधीची पेअरिंग (बेसवरून निघून बेसवर परत येईपर्यंतच्या फ्लाइट्सचा संच) दुपारपर्यंत सुटणारी, नंतरचं रिपोर्टिंग दुपारी किंवा उशिरा.

प्राधान्यक्रमाच्या बिडिंगमध्ये यादी वरून खाली वाचली जाते. तुमचे तास भरायला पेअरिंग कमी पडू लागल्या, तर सहसा खालच्या मागण्या आधी सोडल्या जातात. 'लेओव्हर (बेसबाहेरचा मुक्काम) अमुक शहरातच' ही हौस वर आणि सुट्टी खाली, ही चूक फार जण करतात. सीनियॉरिटी कमी असेल, तर ऐन चतुर्थीच्या जोडीला पुढच्या चार-पाच तारखांचा पर्यायही टाकाच. गौरी जेवणाचा दिवस मिळाला तरी घर खूश!

विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएच्या नियमानुसार 28 दिवसांत 100 तासांहून जास्त उड्डाण चालत नाही. ही मोजणी सरकती असते, महिना बदलला म्हणून शून्यावर येत नाही. मागच्या महिन्याची अखेर जड गेली असेल, तर हवी ती पेअरिंग नाकारली जाऊ शकते. बिड लावण्याआधी ही बेरीज करून घ्या.

सुट्टीला चिकटून स्टँडबाय (बोलावलं की लगेच हजर व्हायची ड्यूटी) नको, असंही स्पष्ट लिहा, कारण इंदूरहून वेळेत बेसवर पोचणं जमत नाही. परतताना स्टाफ तिकिटावर (जागा रिकामी असेल तरच बसता येतं) असाल, तर मागे आणखी एक फ्लाइट शिल्लक ठेवूनच निघा.