पेट स्कॅनला निघताना जुनी सीडी आधी पिशवीत

बाबांच्या गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. रक्तातलं सीईए (हा आजार परतला का याचा इशारा देणारी तपासणी) वाढलेलं दिसलं, म्हणून डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितलं, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून, ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा उजळ दाखवणारा स्कॅन. आधार, पैसे, पाणी, सगळं घेतलं. जुन्या स्कॅनची सीडी तेवढी रामबागेतल्या घरी कपाटात राहिली. रिपोर्ट आला: कण्याच्या टोकापाशी गाठीसारखा भाग, तुलनेला जुना स्कॅन नाही, आजार उलटल्याची शक्यता नाकारता येत नाही. चार रात्री घरात कोणाला झोप नव्हती. पाचव्या दिवशी मी सीडी नेऊन दिली. तोच भाग, तेवढाच, आधीही होता. ऑपरेशनचा व्रण होता तो.

म्हणून सांगते, जुनी सीडी घ्या. शेक (रेडिएशन) आणि ऑपरेशननंतर ओटीपोटात जो व्रण राहतो, तो स्कॅनमध्ये गाठीसारखा दिसू शकतो. यकृतातला साधा सिस्ट (पाण्याची गाठ), फुप्फुसातला बारीक ठिपका यांचंही तेच. आधी होता का, वाढला का, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, आणि फिल्मवर निवडक चित्रंच असतात. सीडी दोन दिवस आधी कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली नाही तर आधीच्या सेंटरकडून दुसरी मागा.

उपास चार ते सहा तास. साधं पाणी चालतं. सकाळचे पोहे-जिलेबी कोणी प्रेमाने पुढे केली तरी नाही. इंजेक्शनमधलं औषध साखरेसारखंच असतं, त्यामुळे रक्तात साखर जास्त असली की पेशी ते कमी घेतात. दोनशेच्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनचं डॉक्टरांना आधीच विचारा. मेटफॉर्मिनने आतडं उजळून निघतं, आणि आपल्याला तर आतडंच बघायचं असतं. मनाने गोळी बंद करू नका. आदल्या दिवशी लांब फेरी, जड काम नको, स्नायू उजळतात.

वेळेवर पोचा, अगदी वेळेवर! त्या औषधाचा जोर ११० मिनिटांत निम्मा होतो, ते तुमच्यासाठी थांबत नाही.

एका कागदावर ऑपरेशन, शेवटची केमो, शेवटचा शेक यांच्या तारखा लिहा. भरून येणारी जखमही ते साखरेसारखं औषध ओढते आणि उजळ दिसते. बायोप्सीचा रिपोर्ट न्या. त्यात ‘म्युसिनस’ (चिकट स्राव भरलेली गाठ) असेल तर मुद्दाम सांगा, कारण ती गाठ साखर कमी घेते आणि स्कॅन उगाच स्वच्छ दिसू शकतो.

सीडी घेतली का? ती काउंटरवर, स्कॅनच्या आधी द्या आणि ‘जुन्याशी ताडून बघा’ असं तोंडाने सांगा. मागाहून देऊ म्हणालात तर रिपोर्ट तिच्याविनाच लिहिला जाईल.

कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून टोचायचं औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट न्या, ॲलर्जी असेल तर सांगा. स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेली वाट) असेल तर जादा पिशवी. गरम शाल. इंजेक्शननंतर तासभर निवांत पडायचं, बोलायचं नाही. यकृतासाठी पुढे एमआरआय सांगितला तर पेसमेकर असल्याचं आधी कळवा.

नंतर भरपूर पाणी, जेवण, आणि त्या दिवशी लहान मुलं व गरोदर बाई यांच्यापासून लांब.

रिपोर्टाबरोबर नवी सीडी मागून घ्या, तारीख घाला, जुनीच्याच पिशवीत ठेवा.