घरबसल्या पीएच.डी.? फी भरण्याआधी हे विचारा
आपल्या इंदुरात कुणी ‘घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी.’ घेऊन आलं, तर आधी विचारा: प्रवेश नियमित की दूरस्थ? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देताच येत नाही. विद्यापीठाला नॅकची (विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) कितीही वरची श्रेणी असो. (श्रेणीचा कागद पुढे करायची युक्ती जुनीच.) नोकरी सांभाळून करायची तर अर्धवेळ पीएच.डी. चालते. मात्र ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं, कोर्सवर्क (संशोधनाआधीचा ठरावीक अभ्यासक्रम) चुकत नाही आणि ३ वर्षांच्या आत पदवी मिळत नाही. वर्षभरात देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. देवी अहिल्या विद्यापीठ गावातच आहे. पोहे-जलेबी खाऊन एक चक्कर मारा, अर्धवेळ जागांचं तिथेच विचारा. शिवाय बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते.