वाचनालयात चिमुकल्यांसाठी गोष्टीचा तास: गोष्ट, गाणी आणि हस्तकलेची आखणी कशी करावी

आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग असतो. म्हणजे एक काचेचं कपाट असतं, त्यात पुस्तकं असतात आणि कपाटाला कुलूप असतं. सरकारी वर्गवारीत वाचनालय वरच्या ‘अ’ वर्गाचं असो की खालच्या ‘ड’ वर्गाचं, ते कुलूप उघडायला गोष्टीच्या तासाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. सभागृह लागत नाही, माइक लागत नाही, वक्ता तर नकोच. एक सतरंजी, दोन-तीन पुस्तकं, चार गाणी आणि थोडे रंगीत कागद एवढ्यावर भागतं. आखणी मात्र आधी पक्की हवी, कारण ‘थांबा हं, शोधते’ म्हटल्यावर तीन वर्षांचं पोर थांबत नसतं.

तास कशासाठी घ्यायचा हे आधी मनाशी ठरवा. मुलं गप्प बसावीत म्हणून नाही, की पेपरात फोटो यावा म्हणूनही नाही. जाताना मुलाच्या काखेत एक पुस्तक असावं, एवढ्यासाठी. गाण्यांमुळे मुलं एकत्र राहतात, हस्तकलेमुळे गोष्ट हातात येते, पण दोन्ही पुस्तकाच्या दिमतीला. पुष्कळ ठिकाणी आधी ‘या वेळी काय बनवायचं’ हे ठरतं आणि मग त्याला साजेशी गोष्ट शोधली जाते. तसं करू नका. सुरुवात पुस्तकापासूनच करा.

पायरी 1: वार, वेळ आणि वय

महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सोयीचा पडतो. त्या दिवशी बँका बंद असतात, त्यामुळे तारीख लोकांच्या आपसूक लक्षात राहते. वेळ सकाळी साडेदहाची किंवा संध्याकाळी पाचची ठेवा. दुपारी नको, झोपेला आलेल्या मुलापुढे भलाभला कथेकरी हरतो.

वयोगट 3 ते 6. त्याहून लहान मुलांना आईच्या मांडीवर बसवून पंधरा मिनिटं पुरे, आणि सात-आठ वर्षांच्यांना यातलं निम्मं बाळबोध वाटतं, त्यांचा तास वेगळा घ्या. एका वेळी पंधरा मुलं आणि तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस. मुलं वीसच्या वर गेली तर दोन गट करा.

पालकांना बाहेर पाठवू नका, सतरंजीवर मुलांच्या मागे बसवा. नाव नोंदवतानाच मूल घरी कोणती भाषा बोलतं ते विचारून घ्या. हिंदी, अहिराणी किंवा तेलुगू बोलणारी दोन-तीन मुलं असतील, तर हावभाव आणि वस्तू जास्त वापराव्या लागतात.

मुहूर्तच हवा असेल तर 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आहेच. कार्यकारिणीलाही त्या दिवशी काहीतरी कार्यक्रम हवा असतो. फक्त दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचं मनोगत यांना नम्रपणे नकार द्या. आभारप्रदर्शन होईपर्यंत अर्धी मुलं जिन्यात पोचलेली असतात.

पायरी 2: पुस्तक निवडा

पानभर चित्र, त्याखाली एक-दोन वाक्यं, आणि पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ: असं पुस्तक या वयाला उत्तम. पुन्हा येणारी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तिसऱ्या वेळी ती मुलंच म्हणतात आणि तिथून गोष्ट त्यांची होते. पुस्तक हातात घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहा. तिथून चित्र दिसलं नाही, तर पुस्तक कितीही छान असलं तरी या तासाला ते उपयोगाचं नाही. ते घरी वाचायला द्या.

प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं बऱ्याच वाचनालयांत मिळतात. कपाट अगदीच रिकामं असेल, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. मुक्त परवान्याखाली असल्यानं त्या छापूनही घेता येतात, श्रेय तेवढं द्यायचं. इतर पुस्तकांच्या वाचनाचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकायचं असेल, तर आधी प्रकाशकाची परवानगी घ्या.

प्रत्येक तासाला एक मुख्य पुस्तक, एक छोटं पुस्तक आणि तोंडी सांगायची एक गोष्ट एवढं हाताशी असू द्या. तिन्ही वापरायची सक्ती नाही. मुख्य पुस्तक घरी दोनदा मोठ्यानं वाचून पाहा. कुठे थांबायचं, पान कधी उलटायचं, वाघाचा आवाज कितपत काढायचा हे तेव्हाच ठरतं. (वाघाचा आवाज बेताचाच काढा. पहिल्या रांगेतलं एखादं मूल हमखास घाबरतं.)

पायरी 3: वेळेचा आराखडा

सगळं मिळून पन्नास मिनिटं. सुरुवातीची पाच मिनिटं येणं, चपला काढणं, बसणं यात जातात, ती धरूनच चाला. मग स्वागताचं गाणं, मुख्य पुस्तक सात-आठ मिनिटं, हातापायांच्या हालचालींचं गाणं, दुसरी गोष्ट, पंधरा मिनिटं हस्तकला, निरोपाचं गाणं, आणि शेवटची दहा मिनिटं देवघेवीला, म्हणजे मुलांनी पुस्तकं निवडून घरी न्यायला. बसून ऐकायच्या दोन गोष्टी पाठोपाठ घेऊ नका, मध्ये उठवाच.

बैठक अर्धगोल ठेवा आणि मुलांची पाठ दाराकडे असू द्या. वाचणाऱ्यानं खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला की मुलांना पुस्तक काळंच दिसतं. पुस्तक छातीशी न धरता एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि प्रत्येक पान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

पायरी 4: गाणी

गाणी बाहेरून आणायची गरजच नाही, घराघरांत आहेत. ‘आपडी थापडी’ टाळ्यांसाठी, ‘करंगळी, मरंगळी’ बोटांसाठी, ‘अटक मटक’ गोल करून बसल्यावर, आणि पावसाळ्यात ‘ये रे ये रे पावसा’. ही आज्यांना पाठ असतात, आईबाबांना अर्धवट आठवतात आणि मुलांना बहुधा नवीन असतात. एखाद्या आजीलाच पुढे बसवून तिच्या पद्धतीनं म्हणायला लावा. शब्द गावागणिक बदलतात, बदलू द्या.

स्वागताचं आणि निरोपाचं गाणं वर्षभर तेच ठेवा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला स्वागताचं गाणं सुरू झालं की कोपऱ्यात पळणारी मुलं आपणहून सतरंजीवर येतात. ‘बसा, बसा’ म्हणून घसा कोरडा करावा लागत नाही. शब्द तुमचेच असले तरी चालतील, त्यात मुलाचं नाव यायला हवं. उदाहरणार्थ:

कोण आलं, कोण आलं?
सई आली, सई आली!
टाळी देऊन या हो या,
गोष्ट ऐकायला बसा हो बसा!

प्रत्येक मुलाचं नाव घेऊन हे म्हणायचं. पंधरा नावांना तीन-चार मिनिटं लागतात, ती वाया जात नाहीत. लाजरं मूल नाव ऐकून फक्त मान खाली घालतं. तेवढं पुरे, त्याला उभं करून बोलतं करायच्या भानगडीत पडू नका.

नवीन गाणं शिकवताना आधी चाल बाजूला ठेवून नुसते शब्द म्हणा, दोन-दोन ओळी, हातवाऱ्यांसह. मग चालीवर, संथ. आवाज फार खाली लावू नका, विशेषतः पुरुषांनी. मुलांचे गळे वरच्या पट्टीतले, तुमच्या खालच्या सुरात ती गाऊ शकत नाहीत. मोबाइलवर गाणं लावायचा मोह टाळा. एक तर ते मुलांच्या वेगानं थांबत नाही, आणि मुलं गायचं सोडून मोबाइलकडे बघत बसतात. तुमचा सूर बेसूर असला तरी कुणी गुण देणार नाही.

पायरी 5: गोष्ट सांगताना

नमुन्यादाखल म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. पुस्तकातून वाचा किंवा तोंडी सांगा, पण एक खराखुरा लाल भोपळा बाजारातून आणून फडक्याखाली झाकून ठेवा. गोष्टीच्या आधी मुलांना फडक्यावरून हात फिरवू द्या: काय असेल? चेंडू? कलिंगड? आता ती गोष्टीची वाट बघू लागतात.

म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, आणि दोघांना ती तेच सांगते: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. दुसऱ्या प्राण्याच्या वेळी ‘तूप...’ म्हणून थांबा. मुलं ‘रोटी!’ पुरं करतात. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ आलं की सगळ्यांनी बसल्या जागी दोन्ही हात एकमेकांभोवती गरगर फिरवायचे. उड्या मारायला सांगू नका, मग मुलं पुन्हा बसत नाहीत.

मध्येच कुणी ‘आमच्या आजीकडे पण भोपळा आहे’ म्हणालं तर ‘हो का? भोपळ्यात कोण बसलंय?’ असं विचारून गोष्टीत परत आणा. गप्प करू नका. आणि शेवटी ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी ‘भोपळ्यात म्हातारीला काय दिसत असेल?’ असं विचारा, उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

पायरी 6: हस्तकला

साहित्य असं ठेवा की कात्री लागणार नाही आणि खर्च मुलामागे 10-15 रुपयांच्या वर जाणार नाही. भोपळ्याच्या गोष्टीसाठी प्रत्येक मुलाला दोन कागदी द्रोण, नारिंगी पतंगाचा कागद, चिकटपट्टीचा एक तुकडा, जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेली बोटभर लांब पट्टी आणि एक मेणखडू. द्रोण बाहेरून साध्या कागदाचे घ्या, चकचकीत चंदेरी बाजूला खळ (पिठाचा शिजवलेला चिकट लगदा) धरत नाही.

खळ घरीच करा. चार चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवून पूर्ण गार करा. ती त्याच दिवशी वापरायची. वाचनालयात बांधणीसाठी ठेवलेली खळ मात्र मुलांच्या हाती चुकूनही देऊ नका. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो विषारी असतो, आणि मुलं बोटं तोंडात घालणारच.

आता कृती. मुलं नारिंगी कागदाचे हातानं तुकडे फाडतात. हे काम त्यांना फार आवडतं, आणि लिहायच्या आधी बोटांना चिमूट पकडायची सवय होते ती अशीच. द्रोण पालथे घालून बाहेरून बोटानं खळ लावायची, वर तुकडे चिकटवायचे. पट्टीवर मेणखडूनं म्हातारी: एक गोल, दोन ठिपके, झाली. मग दोन्ही द्रोण तोंडाला तोंड लावून एका कडेला चिकटपट्टी लावायची, म्हणजे भोपळा डबीसारखा उघडतो. म्हातारी आत ठेवायची, झाकायचं, आणि टुणूक टुणूक. हे शेवटचं जोडकाम मोठ्यांनी करावं.

एक नमुना आधी करून ठेवा, मुलांना एकदा दाखवा आणि लपवा. समोर राहिला की मुलं स्वतःच्या भोपळ्याकडे बघून हिरमुसतात. खरा त्रास पालकांचा. मुलाच्या हातातला द्रोण काढून घेऊन ‘असं नाही रे, दे इकडे’ म्हणत स्वतःच सुबक भोपळा करणारे बाबा प्रत्येक गटात एक तरी असतात. त्यांना वेगळे दोन द्रोण द्या. खरंच द्या, तेही रमतात.

मणी, टिकल्या, शेंगदाणे असलं बारीक काही हस्तकलेत नको. लहान मुलं नाकात किंवा तोंडात घालतात. ओलं फडकं आणि पसरायला रद्दी आधीच हाताशी असू द्या. फोटो काढायचे तर पालकांना विचारून.

पायरी 7: देवघेव

हस्तकला सुकेपर्यंत निरोपाचं गाणं म्हणा आणि थेट पुस्तकांच्या टेबलाकडे न्या. टेबल आधीच मांडलेलं असावं: पंधरा मुलांना किमान तीस पुस्तकं, मुखपृष्ठं वर करून, मुलांच्या कंबरेच्या उंचीवर. उभ्या रचलेल्या पुस्तकांचे कणे या वयाला वाचता येत नाहीत. नुकतं वाचलेलं पुस्तक सगळ्यांना हवं असतं. एकच प्रत असेल तर नंबर लावून द्या. बालसभासदत्वाचे अर्ज टेबलावर ठेवा आणि देवघेवीच्या खिडकीवर त्या वेळी कुणीतरी बसलेलं असेल याची खात्री करा. पुस्तक फाटेल म्हणून देऊ नये असं वाटणारे असतातच. थोडी फाटतातही, चिकटपट्टी असतेच.

संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: कोणतं पुस्तक, कोणती गाणी, मुलं कुठे चुळबुळली, किती पुस्तकं घरी गेली. चुळबूळ दर वेळी त्याच सुमारास होत असेल तर हालचालींचं गाणं पाच मिनिटं अलीकडे घ्या. पुस्तकं कमी गेली तर टेबलाची जागा बदला, दाराजवळ आणा.

पुढच्या तासाला भोपळ्याचीच गोष्ट पुन्हा घ्यायला हरकत नाही. या वेळी सांगायची मुलांनी: घरून आणलेले भोपळे हातात, एक कोल्हा, एक वाघ, आणि बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्या.